ऑनलाइन फॉर्ममधला ‘लिंग’ रकाना : तिसरा पर्याय आला कुठून आणि तो वापरायचा कसा?

आधार, पॅन, मतदार नोंदणी, रेल्वेचं तिकीट, नोकरीचा अर्ज... कुठलाही फॉर्म उघडा, नाव आणि जन्मतारखेनंतर बहुतेक वेळा एक छोटा रकाना येतो : लिंग. बहुतेक जण अर्ध्या सेकंदात टिक करून पुढे जातात. पण ज्यांना ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ यापैकी एकही शब्द लागू होत नाही, त्यांचा अर्ज तिथेच अडकतो. ‘नेक्स्ट’ बटण दाबलं की लाल अक्षरात सूचना येते : हा रकाना भरणे बंधनकारक आहे.

या एका रकान्यासाठी महाराष्ट्रात आणि देशात गेली अनेक वर्षं लढा सुरू आहे. कोर्टात, रस्त्यावर, निवडणूक कार्यालयात आणि अगदी वेबसाइटच्या कोडमध्येही. या लेखात आपण तीन गोष्टी बघूया. एक, हा तिसरा पर्याय फॉर्ममध्ये कसा आला. दोन, पौडसारख्या तालुक्याच्या गावात राहणाऱ्या व्यक्तीने ट्रान्सजेंडर ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज कसा करायचा. आणि तीन, वेबसाइट किंवा ॲप बनवणाऱ्यांनी हा रकाना कसा तयार करायला हवा.

(लेखातील माहिती डिसेंबर २०२४ पर्यंतची आहे. कायदे आणि नियम बदलतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी अधिकृत पोर्टलवरच्या ताज्या सूचना नक्की वाचा.)

आधी शब्द समजून घेऊया

या विषयावर बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते.

लैंगिक कल : आपल्याला कोणाबद्दल आकर्षण वाटतं. समलिंगी पुरुष (गे), समलिंगी स्त्री (लेस्बियन), उभयलिंगी आकर्षण असलेली व्यक्ती (बायसेक्शुअल) हे शब्द इथले.

लिंगभाव ओळख : आपण स्वतःला कोण मानतो. जन्माच्या वेळी डॉक्टरने किंवा सुईणीने सांगितलेलं लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नसेल, तर ती व्यक्ती ट्रान्सजेंडर. मराठीत पारलिंगी हा शब्दही वापरतात.

नॉन-बायनरी : जी व्यक्ती स्वतःला पूर्णपणे स्त्रीही मानत नाही आणि पूर्णपणे पुरुषही मानत नाही.

इंटरसेक्स : जिच्या शरीराची जन्मजात लैंगिक रचना स्त्री-पुरुष या ठरलेल्या साच्यात बसत नाही.

तृतीयपंथी, हिजडा, जोगता, जोगती : हे आपल्याकडचे जुने सामाजिक शब्द आहेत. यामागे गुरू-चेल्याची परंपरा आहे, देवस्थानांशी जोडलेल्या प्रथा आहेत. प्रत्येक ट्रान्सजेंडर व्यक्ती या परंपरेतली असतेच असं नाही.

क्विअर : या सगळ्यांना सामावून घेणारा एकत्रित शब्द.

फॉर्मच्या ‘लिंग’ रकान्याचा संबंध दुसऱ्या गोष्टीशी, म्हणजे लिंगभाव ओळखीशी आहे. गे किंवा लेस्बियन व्यक्तीला हा रकाना भरताना सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती ट्रान्सजेंडर, इंटरसेक्स आणि नॉन-बायनरी व्यक्तींना.

संगणकात ‘लिंग’ कसं साठवलं जातं?

कुठल्याही डेटाबेसमध्ये हा रकाना म्हणजे फक्त एक अक्षर किंवा एक आकडा असतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, त्याचं नाव आयएसओ ५२१८. त्यात चारच कोड आहेत : ० म्हणजे माहीत नाही, १ म्हणजे पुरुष, २ म्हणजे स्त्री आणि ९ म्हणजे लागू नाही. ‘तिसरं काही’ असा कोड या मानकात नाही.

पासपोर्टचं मानक वेगळं आहे. ते आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ठरवते. त्यात पुरुषासाठी एम, स्त्रीसाठी एफ आणि अनिर्दिष्टसाठी एक्स छापायची सोय आहे. यंत्राने वाचायच्या ओळीत मात्र एक्सच्या जागी कोनाचं एक चिन्ह येतं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तिसऱ्या पर्यायाची जागा तिथे आधीपासून होती, प्रत्येक देश ती वापरतो की नाही एवढाच प्रश्न होता.

खरी अडचण मात्र कोड साठवण्यात नसून तो कोड पुढे कुठे कुठे वापरला जातो यात आहे. ‘स्त्री’ निवडलं की महिलांचं आरक्षण लागू, ‘पुरुष’ निवडलं की शारीरिक चाचणीचे पुरुषांचे निकष लागू, असे नियम सॉफ्टवेअरमध्ये घातलेले असतात. तिसरा पर्याय आला की या प्रत्येक ठिकाणी ‘मग यांचं काय?’ हा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे पुष्कळ कार्यालयं फॉर्ममध्ये बदल करायलाच टाळाटाळ करतात.

तिसरा पर्याय कसा आला? महत्त्वाचे टप्पे

२००७ : शेजारच्या नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने तिसऱ्या लिंगाला मान्यता देण्याचा आदेश दिला. कार्यकर्ते सुनील बाबू पंत यांनी इतरांसोबत ती याचिका केली होती.

२००९ : भारताच्या निवडणूक आयोगाने मतदार यादीच्या फॉर्ममध्ये ‘इतर’ हा पर्याय दिला. त्याआधी तृतीयपंथी मतदारांना स्त्री किंवा पुरुष म्हणूनच नाव नोंदवावं लागायचं.

२०११ : जनगणनेत पुरुष १, स्त्री २ आणि इतर ३ असे कोड देण्यात आले. देशभरात ‘इतर’मध्ये ४,८७,८०३ जणांची नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची. आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी असणार हे उघड आहे. घरी आलेल्या प्रगणकासमोर, सगळ्या कुटुंबाच्या देखत ‘इतर’ लिहा म्हणायला किती जण धजावतील?

२०१४ : १५ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्याचा निकाल दिला. हाच तो ‘नाल्सा निकाल’. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने सांगितलं, की स्वतःची ओळख स्त्री, पुरुष की तृतीयलिंगी हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे. या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही हस्तक्षेप अर्ज केला होता.

२०१८ : प्राप्तिकर विभागाने पॅनच्या अर्जात ट्रान्सजेंडर हा स्वतंत्र पर्याय दिला. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना वगळलं.

२०१९-२० : ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम मंजूर झाला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. सप्टेंबर २०२० मध्ये नियम आले आणि २५ नोव्हेंबर २०२० ला राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं.

२०२४ : मार्च महिन्यात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने तृतीयपंथीयांसाठीच्या धोरणाला मान्यता दिली.

महाराष्ट्रातली चळवळ : मासिकापासून मोर्चापर्यंत

या तारखांच्या मागे माणसं आहेत. १९९० मध्ये मुंबईत अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. १९९५ मध्ये मुंबईतच ‘स्त्री संगम’ नावाचा गट उभा राहिला. पुढे तो ‘लेबिया’ या नावाने ओळखला जाऊ लागला. समलिंगी स्त्रिया आणि ट्रान्स व्यक्तींचे प्रश्न या गटाने सातत्याने मांडले.

पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. खिरे यांचं महत्त्वाचं काम म्हणजे हा विषय त्यांनी मराठीत आणला. पुस्तकं, पुस्तिका, हेल्पलाइन, समुपदेशन, सगळं मराठीतून. डिसेंबर २०११ मध्ये पुण्यात पहिला प्राइड मोर्चा निघाला. नागपुरात सारथी ट्रस्टने विदर्भात हेच काम केलं. मुंबईतील गौरी सावंत यांच्या ‘सखी चार चौघी’ संस्थेने ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या आरोग्यावर काम केलं, आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत गौरी सावंत महाराष्ट्रात निवडणूक आयोगाच्या सदिच्छादूत झाल्या.

गावपातळीवरही बदल दिसतो. २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानदेव ऊर्फ माउली कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून दिलं.

दोन प्रकरणं, ज्यात अडचण फक्त ‘रकान्या’ची होती

पहिलं जळगाव जिल्ह्यातलं. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत भादली बुद्रुक इथे अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून अर्ज भरला. त्या ट्रान्सजेंडर आहेत या कारणावरून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी अर्ज बाद केला. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात धाव घेतली. २ जानेवारी २०२१ ला न्यायालयाने नाल्सा निकाल आणि २०१९ च्या कायद्याचा आधार घेत त्यांना महिला म्हणून लढायची परवानगी दिली. अंजली पाटील निवडून आल्या.

दुसरं प्रकरण पोलीस भरतीचं, आणि हे पूर्णपणे वेबसाइटचं प्रकरण आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्र पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय होते : पुरुष आणि स्त्री. ट्रान्सजेंडर उमेदवारांना अर्जच भरता येत नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय देण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. शारीरिक चाचणीचे निकष ठरलेले नाहीत, असं सरकारचं म्हणणं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला चांगलंच फटकारलं. त्यानंतर महाधिवक्त्यांनी सांगितलं, की १३ डिसेंबरपर्यंत वेबसाइटवर तिसरा पर्याय येईल आणि २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत नियम तयार होतील.

इथे लक्षात घ्या : वेबसाइटमध्ये एक पर्याय वाढवायला काही दिवस पुरतात. ‘सिस्टीममध्ये ऑप्शनच नाही’ हे खिडकीवर मिळणारं उत्तर म्हणजे कोणीतरी तो ऑप्शन ठेवला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता मुख्य काम : ओळखपत्रासाठी अर्ज कसा करायचा?

पौड हे मुळशी तालुक्याचं मुख्यालय. तहसील कचेरी इथेच आहे. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यात येतं आणि मुळशी धरणाच्या मागची दुर्गम गावंही याच तालुक्यात. पण ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्र तहसीलदार देत नाहीत. २०१९ च्या कायद्यानुसार तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, म्हणजे पुण्यातल्या जिल्हाधिकाऱ्यांचा आहे. पूर्वीच्या पद्धतीने हे काम करायचं तर पौडहून पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक असं करत पुणे गाठायचं, आणि तिथे अनोळखी लोकांच्या रांगेत उभं राहून आपली ओळख मोठ्याने सांगायची. राष्ट्रीय पोर्टलमुळे हा हेलपाटा वाचतो. अर्ज घरून किंवा मोबाइलवरून करता येतो, आणि प्रमाणपत्र डाउनलोडही करता येतं.

लागणाऱ्या गोष्टी

१. चालू मोबाइल नंबर आणि ईमेल.
२. पासपोर्ट आकाराचा फोटो आणि सही, स्कॅन केलेली.
३. ओळख आणि पत्त्याचा पुरावा, उदा. आधार किंवा मतदार ओळखपत्र.
४. ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र. नमुना पोर्टलवर मिळतो. ते नोटरीकडून करून घ्यायचं.

स्टेप बाय स्टेप

१. गुगलवर ‘नॅशनल पोर्टल फॉर ट्रान्सजेंडर पर्सन्स’ असं शोधा. पोर्टल केंद्राच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाचं आहे. पत्त्याच्या शेवटी सरकारी डोमेन, म्हणजे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे ना हे बघूनच पुढे जा.
२. नवीन खातं तयार करा. मोबाइल आणि ईमेल व्हेरिफाय करा.
३. अर्जात जन्माच्या वेळी दिलेलं नाव आणि आता वापरायचं असलेलं नाव असे वेगळे रकाने असतात. दोन्ही स्पेलिंग काळजीपूर्वक भरा. पुढच्या सगळ्या कागदपत्रांवर हेच स्पेलिंग येणार आहे.
४. जिल्हा निवडताना पुणे निवडा. नियमानुसार अर्जदार त्या जिल्ह्यात किमान एक वर्ष सलग राहत असायला हवा.
५. फोटो, सही, पुरावा आणि प्रतिज्ञापत्र अपलोड करा. फाइलचा आकार पोर्टलवर दिलेल्या मर्यादेत ठेवा.
६. अर्ज सबमिट केल्यावर मिळालेला क्रमांक लिहून ठेवा. अर्ज कुठपर्यंत पोहोचला हे त्याच पोर्टलवर कळतं.

पूर्ण भरलेला अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रमाणपत्र आणि त्यानंतर १५ दिवसांत ओळखपत्र द्यावं, असं २०२० चे नियम सांगतात. या पहिल्या प्रमाणपत्रासाठी कुठलीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी करायची नाही, हेही २०२० च्या नियमांत लिहिलं होतं. अर्ज नाकारला तर कारण कळवावं लागतं आणि ९० दिवसांच्या आत अपील करता येतं.

अर्ज पूर्णपणे मोफत आहे. सेवा केंद्रात फॉर्म भरून घेतला तर स्कॅनिंग-प्रिंटचे पैसे लागतील तेवढेच. ‘कार्ड लवकर काढून देतो’ म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांपासून सावध राहा.

नॉन-बायनरी व्यक्तींचं काय?

२०१९ च्या कायद्यातल्या व्याख्येत ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, इंटरसेक्स व्यक्ती, किन्नर, हिजडा, अरवानी, जोगता यांच्याबरोबर ‘जेंडरक्विअर’ हा शब्दही होता. म्हणजे नॉन-बायनरी व्यक्तीला त्या व्याख्येनुसार या कायद्याखाली अर्ज करता येत होता. पण मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर ‘नॉन-बायनरी’ असं छापून येत नाही. पर्याय ‘ट्रान्सजेंडर’ हाच. शस्त्रक्रियेनंतर सुधारित प्रमाणपत्र घेता येतं, त्यावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ असं येतं.

ही तडजोड सगळ्यांना पटते असं नाही. या कायद्याविरुद्ध कार्यकर्त्यांचा मुख्य आक्षेपही इथलाच आहे. नाल्सा निकालात ओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीला दिला, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या शिक्क्याची गरज का? दुसरा आक्षेप शिक्षेबद्दल आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तीवरच्या अत्याचारासाठी २०१९ च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा होती, जी महिलांवरच्या गंभीर गुन्ह्यांच्या शिक्षेपेक्षा बरीच कमी होती.

जगात इतरत्र वेगळे मार्ग दिसतात. अर्जेंटिनाने २०१२ मध्ये डॉक्टर किंवा न्यायाधीशाच्या मंजुरीशिवाय कागदपत्रांवरचं लिंग बदलण्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय ओळखपत्रावर एक्स हा पर्याय आणला. जर्मनीने २०१८ मध्ये इंटरसेक्स व्यक्तींसाठी जन्मनोंदीत तिसरा पर्याय दिला.

प्रमाणपत्र मिळालं, पुढे काय? क्रम महत्त्वाचा!

इथे बरेच जण अडकतात. आपली कागदपत्रं एकमेकांशी ऑनलाइन जुळवली जातात. आधार आणि पॅन लिंक करताना नाव, जन्मतारीख आणि लिंग या तिन्ही गोष्टी तपासल्या जातात. भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचंही तसंच आहे. एका कागदावर नवीन ओळख आणि दुसऱ्यावर जुनी राहिली, तर लिंकिंग फेल होतं. मग त्यावर अवलंबून असलेले बँकेचे व्यवहार, पीएफ, रिफंड सगळं लटकतं. बिहारमधील कार्यकर्त्या रेश्मा प्रसाद याच प्रश्नावरून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. जिल्हादंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र पॅनसाठी वैध धरण्याचं केंद्र सरकारने २०२४ मध्ये तत्त्वतः मान्य केलं.

म्हणून हा क्रम पाळा :

१. ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र.
२. नाव पूर्ण बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची प्रसिद्धी. अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या वेबसाइटवर ऑनलाइन होतो.
३. आधार. लक्षात ठेवा, आधारमध्ये लिंग फक्त एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं. त्यामुळे घाई करू नका.
४. पॅन.
५. बँक, मतदार यादी, रेशन कार्ड, पीएफ.
६. शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं. यात सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून अर्ज लवकर टाकून ठेवा.

जोडीदारासोबत राहणाऱ्यांसाठीही एक माहिती. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नकार दिला. पण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं, की क्विअर व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलंही बंधन नाही. रेशन कार्डासाठीही अशा जोडीदारांना एकाच घरातले समजावं, अशा सूचना राज्यांना दिल्या गेल्या.

ऑनलाइन सुरक्षितता : हे नक्की वाचा

शहरात स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र फोन असतो. गावात बऱ्याचदा एकच फोन घरभर फिरतो. ओटीपी भावाच्या फोनवर जातो, ईमेल सेवा केंद्राच्या संगणकावर उघडं राहतं. घरी अजून सांगितलं नसेल तर एका मेसेजमुळे शिक्षण थांबू शकतं, जबरदस्तीने लग्न ठरू शकतं किंवा घर सोडावं लागू शकतं. म्हणून :

• अर्जासाठी वेगळा ईमेल तयार करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवा.
• लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करा.
• सेवा केंद्रात काम झालं की लॉगआउट करा आणि डाउनलोड फोल्डरमधून तुमची फाइल डिलीट करायला सांगा.
• आधार अपडेटचं पत्र पोस्टाने घरच्या पत्त्यावर येऊ शकतं, हे आधीच लक्षात घ्या.

डेटिंग ॲपवरून होणारी खंडणी हा दुसरा धोका. ओळख वाढवायची, भेटायला बोलवायचं, फोटो काढायचे आणि ‘घरी सांगतो’ म्हणून पैसे उकळायचे, अशी ही पद्धत. लक्षात ठेवा, प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. खंडणी हा मात्र गुन्हा आहे. पैसे देऊ नका, कारण एकदा दिले की मागणी वाढतच जाते. चॅट, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्यांदा भेटताना गर्दीच्या ठिकाणीच भेटा आणि कुठे जातोय हे एका तरी विश्वासू व्यक्तीला सांगून ठेवा.

वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी काही सूचना

आपले बरेच वाचक आयटीत आहेत, त्यामुळे हा भाग खास त्यांच्यासाठी.

१. आधी विचारा, हा रकाना हवाच आहे का? गॅस बुकिंग किंवा पुस्तक विकायला ग्राहकाचं लिंग कशाला हवं?

२. हवा असेल तर पर्याय द्या : स्त्री, पुरुष, ट्रान्सजेंडर, नॉन-बायनरी, स्वतः लिहा, सांगायचे नाही. ‘इतर’ हा शब्द शक्यतो टाळा. फेसबुकने २०१४ मध्येच पन्नासहून जास्त पर्याय दिले होते.

३. रकाना बदलता येईल असा ठेवा, आणि बदलल्यावर जुनं नाव बिलावर किंवा ईमेलमध्ये पुन्हा डोकावणार नाही याची काळजी घ्या.

४. श्री./श्रीमती/कुमारी ही निवड ऐच्छिक करा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हा प्रश्नही लिंगावरून ठरवला जातो, तेही टाळा. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायचा नियम केला, तेव्हा फॉर्म बदलावे लागलेच ना!

५. मराठी भाषांतर करताना क्रियापद तपासा. इंग्रजी वाक्याला लिंग नसतं, मराठीत ते येतं. ‘मी सहमती देतो’ असं बटण लिहिलं की निम्मे लोक बाहेर. त्याऐवजी ‘मला मान्य आहे’ लिहा. ‘तुम्ही यशस्वीपणे लॉगिन झाला आहात’ऐवजी ‘लॉगिन यशस्वी’ पुरेसं आहे. ‘मी नियम वाचले आहेत’ हे वाक्य सगळ्यांना चालतं. थोडा विचार केला तर लिंगनिरपेक्ष मराठी सहज लिहिता येतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

१८ वर्षांखालील मुलांसाठी अर्ज करता येतो का?
हो, पण आई-वडील किंवा पालकांमार्फत.

२०२० च्या आधीच ज्यांनी कागदपत्रांवर लिंगबदल करून घेतला, त्यांना पुन्हा अर्ज करावा लागतो का?
नाही. अधिकृत नोंद आधीच झाली असेल तर नव्याने अर्जाची गरज नाही, असं २०२० चे नियम सांगतात.

गे किंवा लेस्बियन व्यक्तीला हे कार्ड मिळतं का?
नाही. हे कार्ड लिंगभाव ओळखीसाठी आहे, लैंगिक कलासाठी नाही.

कार्डाचा फायदा काय?
इतर कागदपत्रं बदलण्यासाठी मुख्य पुरावा. शिवाय केंद्राची ‘स्माइल’ योजना, निराधार ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीची ‘गरिमा गृह’ निवारा केंद्रं, काही महापालिकांच्या योजना आणि नोकऱ्या. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून काम दिलं होतं.

नोकरीत आरक्षण आहे का?
नाल्सा निकालात आरक्षणाचे निर्देश होते. कर्नाटकने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण दिलं. महाराष्ट्रातही अशा समांतर आरक्षणाची मागणी कार्यकर्ते करत आहेत.

थोडक्यात

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या घोषणेवेळी देशात ४८,०४४ तृतीयपंथी मतदारांची नोंद होती. २००९ च्या आधी मतदार यादीत त्यांच्यासाठी वेगळा रकानाच नव्हता. प्रमाणपत्रासाठी पुण्याला जावं न लागणं, भरतीच्या फॉर्ममध्ये तिसरा पर्याय दिसणं, आधारवर स्वतः निवडलेलं नाव येणं, या गोष्टी बाहेरून छोट्या वाटतात, पण शिक्षण, पगार आणि मतदान यांचा रस्ता त्यातूनच जातो.

तुमच्या ओळखीत कोणाला या माहितीची गरज असेल तर लेख जरूर पाठवा. फक्त कुटुंबाच्या किंवा गावाच्या ग्रुपवर कोणाला टॅग करून टाकू नका. ज्याला हवा आहे त्याला वेगळा, खासगी मेसेज करा. काही शंका असतील तर खाली नक्की विचारा.